तेवीसच्या लेन्समधले चेहरे

यानो गेंझोंच्या अंत्यविधीला निनोमिया सावाए गेली आणि समोरचा फोटो पाहून जागच्या जागी थिजली.

पांढऱ्या फुलांच्या मधोमध, काळ्या चौकटीत गेंझो-सान हसत होते. पण हा फोटो तिने काढलेला नव्हता. हा तर गरम पाण्याच्या कुंडांच्या सहलीतला सामूहिक फोटो, त्यातून गेंझो-सान तेवढे कापून काढलेले. डोळे पेंगुळलेले, गाल प्यायल्यामुळे लाल, आणि कानापाशी दुसऱ्याच कुणाच्या तरी खांद्याचा तुकडा राहिलेला. मागे कॉम्प्युटरवर निळा रंग भरून आकाश केलं होतं.

तिचा फोटो कुठे गेला? गेल्या डिसेंबरात ती स्वतः त्यांच्या घरी गेली होती. ठेवणीतला कोट, सुनेने इस्त्री केलेला सदरा, दोन तास खपून तिने तो फोटो काढला होता आणि चौकटीत बसवून दोन्ही हातांनी त्यांच्या हाती दिला होता. गेंझो-सानांनी तीनदा वाकून आभार मानले होते. ‘आता मी निश्चिंत झालो’ म्हणत बागेतल्या संत्र्यांची दोन खोकी तिच्या गाडीत ठेवली होती. एवढं करून ज्या दिवसासाठी फोटो काढला त्याच दिवशी तो नाही? धूप वाहण्याच्या रांगेत मागच्या बाईने कोपराला हलकेच हात लावला तेव्हा कुठे सावाए पुढे सरकली. धुपाची चिमूट किती वेळा टाकली, तिलाच कळलं नाही.

सावाए त्रेसष्ट वर्षांची. यावाताहामाच्या बंदरावरून वर येणाऱ्या चढावर निनोमियांचा फोटो स्टुडिओ आहे, त्या घरात ती सून म्हणून आली. नवरा योशिहिको पस्तीस वर्षं तिथे फोटो काढत होता. आपण गेल्यावर समोर लावायचा फोटो जिवंतपणीच काढून ठेवायची आमच्याकडे रीत आहे, आणि निम्म्या गावाचे ते फोटो योशिहिकोनेच काढलेले. सावाए लोकांच्या कॉलरी सरळ करायची, केस बसवायची, फोटोवरचे डाग काढायची. योशिहिको तीन पायांवर भला मोठा कॅमेरा लावायचा आणि माणसापासून लांब उभा राहायचा. ‘चेहऱ्यापासून दोन मीटर,’ तो म्हणायचा, ‘त्याच्या आत गेलं की चेहरा चेहरा राहत नाही.’ सावाएला वाटायचं, हा मुळातच बुजरा, लोकांच्या जवळ जायला घाबरतो आणि त्याला नियमाचं नाव देतो. त्याचे फोटो तिला मनातून सरकारी ओळखपत्रावरचे वाटायचे. हे ती त्याला कधी बोलली नाही, अर्थातच.

चार वर्षांपूर्वी तो गेला. म्हाताऱ्यांना चढ चढवेना, मोठा कॅमेरा सावाएच्या खांद्याला पेलवेना. मग तिने ठरवलं, आपणच लोकांच्या घरी जायचं. त्यासाठी पर्समध्ये मावेल असा छोटा मिररलेस कॅमेरा घ्यायला ती आगगाडीने मात्सुयामाला गेली.

दुकानातल्या पोराने कॅमेरा दाखवला आणि मग खरा प्रश्न विचारला, लेन्स कुठली? झूम तिला नकोच होती. योशिहिकोच्या घरात एका आकड्याची लेन्स लावायची आणि पुढे-मागे व्हायचं ते आपल्या पायांनी, हे तिच्या अंगवळणी पडलेलं. पोराने काचेवर दोन लेन्स ठेवल्या, एक तेवीस मिलिमीटरची, एक छप्पन्नची.

“कशाचे फोटो काढणार तुम्ही?” त्याने विचारलं.

शेजारी एक तरुण जोडपं उभं होतं. बाईच्या छातीशी महिनाभराचं बाळ झोपलेलं. त्या बाळाच्या डोक्यावरून ‘मेल्यावर लावायचे फोटो’ असं कसं म्हणायचं? सावाएच्या जिभेवर ते येईना.

“घरच्या माणसांचे,” ती म्हणाली. “लहान खोल्यांमध्ये.”

“मग तेवीसची घ्या. छोट्या खोलीतसुद्धा सगळं मावतं. छप्पन्नची चेहऱ्यांना सुरेख आहे, पण मागे सरकायला जागा लागते.”

सावाएने मनातल्या मनात गावातल्या खोल्या मोजल्या. सहा चटया मावतील एवढीच खोली, त्यात बुटकं टेबल, टीव्ही, देव्हारा. मागे सरकणार कुठे? भिंतीत? तिने तेवीसची घेतली. पोराचं काहीच चुकलं नाही. विचारलं ते त्याने विचारलं, सांगितलं त्याचं उत्तर दिलं.

आणि त्या लेन्सने तिला वेडच लावलं. फोटोत चेहरा भरायचा तर हातभर अंतरावर जावं लागे, गुडघ्याला गुडघा लागे. मग गप्पा होत. ज्या म्हाताऱ्यांना पस्तीस वर्षं ती लांबून वाकून नमस्कार करत होती, ते तिला आपल्या पहिल्या बोटीच्या, लग्नाआधीच्या प्रेमाच्या गोष्टी सांगू लागले. हसता हसता ती बटण दाबायची. तिला वाटे, यात चेहरा कसा पुढे येऊन भेटतो. योशिहिकोला जे पस्तीस वर्षांत जमलं नाही ते आपल्याला जमलं. तीन वर्षांत तिने एकेचाळीस फोटो काढले, आणि प्रत्येक जण फोटो हातात घेऊन म्हणाला, “किती जिवंत आलाय.”

आता आमच्या गावात वाईटाला वाईट म्हणायची पद्धत नाही. सुनेची भाजी खारट झाली तर ‘आज चव खुलली आहे’ म्हणतात. शेजाऱ्याचं पोर पियानो नुसता बडवत असेल तर ‘फार मेहनत घेतो हं’ म्हणतात. सावाए इथेच जन्मली, हे सगळं तिनेही जन्मभर केलं. पण दुसऱ्याला म्हणताना जे कळतं ते स्वतःला म्हटलेलं कळत नाही, त्याला कोण काय करणार.

फोटोला बसत नव्हतं ते फक्त घरचंच माणूस, तिची सासू. किनुयो एक्याण्णव वर्षांची. हृदय थकलेलं, आणि या शरद ऋतूत डॉक्टरांनी सावाएला बाहेर बोलावून सांगितलं होतं की हा हिवाळा जपा. योशिहिकोने आईचा फोटो ‘काढू, काढू’ म्हणत कधी काढलाच नव्हता. सावाए मागे लागली की म्हातारी म्हणे, केस नीट नाहीत, सर्दी झाली आहे, किमोनो पेटीत तळाला आहे. सावाएला वाटे, मरणाला भिते बिचारी. आपल्याच स्टुडिओतली बाई चांगल्या फोटोविना गेली तर काय तोंड दाखवायचं, याचा तिला घोर लागला होता.

गेंझो-सानांच्या विधीनंतर तिने मनाची समजूत घातली. चौकट फुटली असेल. सून विसरली असेल. तिच्या एकेचाळीस जणांपैकी गेंझो-सान धरून चार जण गेले होते. आधीच्या तिघांचे विधी हल्लीच्या पद्धतीने फक्त घरच्यांचे झाले होते आणि ‘भेटीला येऊ नये’ असं पत्र आलं होतं, म्हणून कुणाकडचाच फोटो तिने लावलेला पाहिला नव्हता. त्यातल्या एका आजोबांचं घरच मुलाने ओसाकाला हलवलं. राहिल्या ताकेमोतो आजी आणि जाकोतेनच्या, म्हणजे माशांच्या तळलेल्या वड्यांच्या, दुकानातल्या चियो-सान. दुसऱ्या दिवशी उदबत्तीचं खोकं घेऊन, न कळवता, सावाए ताकेमोतोंकडे गेली.

सून मिहो अंगणात कपडे वाळत घालत होती. फाटकाशी सावाए दिसताच तिच्या हातातला टॉवेल खाली पडला.

“अगंबाई, निनोमिया-सान! एक मिनिट हं, एकच मिनिट, घर अगदी पसरलंय,” म्हणत ती आत पळाली. आतून खुर्ची सरकल्याचा, काहीतरी पडल्याचा आवाज आला. मग मिहो धापा टाकत, हसत बाहेर आली. “या ना, या.”

देव्हाऱ्याच्या वर आजींचा फोटो होता. सावाएने काढलेलाच. तिचा जीव भांड्यात पडला. ती गुडघ्यांवर बसली, उदबत्ती लावली, हात जोडले. मान वर केली तेव्हा दिसलं की फोटो तिरका आहे आणि त्याच्याभोवती भिंतीवर दुसऱ्या, मोठ्या चौकटीचा पांढरा चौकोन उमटलेला आहे. तिच्या चौकटीवर बोटभर धूळ होती, त्यात मिहोच्या बोटांचे ताजे ठसे. आणि शेजारच्या उशीखालून एका मोठ्या चौकटीचा कोपरा बाहेर आला होता.

मिहोने तो पाहिला. सावाएने पाहिला हेही पाहिलं.

“चहा घेणार ना?” मिहोने विचारलं. सावाएने अख्खा कप संपवला, हवापाण्याचं बोलली, आणि चढ चढून घरी आली.

किनुयो पांघरूण घातलेल्या गरम टेबलाशी बसून संत्रं सोलत होती. सावाए कोट न काढताच समोर बसली.

“आई, माझे फोटो कुणी लावत नाही. तुम्हाला माहीत होतं?”

म्हातारीने साल अखंड काढली, फोडी वेगळ्या केल्या, एक तोंडात टाकली. मग म्हणाली, “लावतील कसे? आधी नाक येतं, माणूस मागून येतो.”

किनुयोने दुसरी फोड उचलली.

“गेंझोने आणून दाखवला होता मला. म्हणाला, किनुयो-सान, खरं सांगा, हा मी आहे की बटाटा? कान कुठे गेले माझे?”

“मग सांगितलं का नाहीत तुम्ही? तीन वर्षं?”

“तू गात होतीस,” किनुयो म्हणाली. “योशी गेल्यावर वर्षभर या घरात नुसता टीव्ही बोलायचा. मग तो कॅमेरा आला आणि तू भांडी घासताना गायला लागलीस. बेसूरच गातेस, पण गात होतीस. कसं सांगू?”

“पण लोक का येत राहिले? पहिल्या दोघा-चौघांना कळलं, मग बाकीचे?”

“त्यांनाही कळलंच होतं. एकाने दुसऱ्याला सांगितलं. निनोमियांचा स्टुडिओ चालायला हवा. तिच्यापुढे तासभर बसायचं, गप्पा मारायच्या, फोटो घ्यायचा, कपाटात ठेवायचा. खरा फोटो नातवाच्या फोनवर.”

एकेचाळीस माणसं. नव्वदीच्या बायकांनी पेट्या उपसून किमोनो काढले होते, केस बसवले होते, अखेरच्या फोटोसाठी म्हणून तोंडाला पावडर लावली होती. आणि आपण हा कधीच वापरणार नाही हे बसतानाच त्यांना ठाऊक होतं. ती ज्याला आपली कमाई समजत होती ती अख्ख्या गावाने तिला केलेली मदत होती. सावाएला आधी संताप आला, भयंकर.

“मी काय भीक मागितली होती?”

“नाहीस मागितलीस. म्हणून तर अशी द्यावी लागली,” किनुयो म्हणाली आणि अर्धं संत्रं तिच्यापुढे सरकवलं. “गेंझो म्हणायचा, फोटो राहू दे, पण तास मजेत गेला. बायको गेल्यापासून एवढ्या जवळ बसून माझं कुणी ऐकलं नव्हतं.”

सावाएने ते संत्रं तसंच ठेवलं आणि कॅमेरा काढला. टेबलावरच्या किटलीचा हातभर अंतरावरून फोटो घेतला, मग भिंतीला पाठ टेकून दुसरा. पहिल्यात तोटी सोंडेएवढी आणि पोट तिच्यामागे लपलेलं. दुसऱ्यात किटली किटलीसारखी, पण बोराएवढी, आणि मोठी करून पाहिली तर धूसर, दाणेदार. तीन वर्षं हे डोळ्यांसमोर होतं. चेहरा चेहरा राहत नाही, असं योशिहिको सांगून गेला होता, आणि तिने त्याला भित्रा ठरवलं होतं.

“म्हणून तुम्ही बसत नव्हतात,” ती म्हणाली.

“मला माझ्या नाकासकट मरायचंय. दुसऱ्याच्या नाही.”

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने सावाए मात्सुयामाला. दुकानात तोच पोरगा होता आणि शनिवारची गर्दी होती. या वेळी तिने आवाज खाली आणला नाही.

“मेल्यावर समोर लावायचे फोटो काढते मी. म्हाताऱ्या माणसांचे. चेहरा हुबेहूब यायला हवा.”

आजूबाजूची माणसं वळून बघू लागली. पोरगा तिच्याकडे बघतच राहिला. “पण तुम्ही तेव्हा घरच्या माणसांचे म्हणाला होतात.”

“तेव्हा इथे बाळ होतं.”

त्याने खाली वाकून माफी मागितली, कशाची कोण जाणे, आणि छप्पन्नची आणली. “दोन मीटर लांब उभं राहावं लागेल.”

“ठाऊक आहे,” सावाए म्हणाली. “आमच्या घरात पस्तीस वर्षं कुणीतरी हेच सांगत होतं.”

ती निघाली तेव्हा फिल्टर बघत उभे असलेले एक म्हातारे गृहस्थ हळूच जवळ आले आणि तिच्याकडून तिचा पत्ता घेऊन गेले.

रविवारी किनुयो मुकाट्याने बसली. किमोनो पेटीच्या तळाला नव्हताच, वरच घडी करून ठेवलेला होता. खोली सहा चटयांची. सावाए मागे सरकली, सरकतं दार काढून बाहेरच्या लाकडी ओट्यावर गेली, तेही पुरेना, तेव्हा अंगणात उतरली. वाळत घातलेल्या मुळ्यांच्या माळा बाजूला करून त्यांच्यामधून तिने कॅमेरा रोखला.

“इतक्या लांब कुठे निघालीस?” म्हातारी ओरडली.

“तुमचं नाक जागेवर येईपर्यंत,” सावाए तिकडून ओरडली, आणि किनुयो हसली त्या क्षणी बटण दाबलं.

फोटो छापून आला तेव्हा सावाएच बघत राहिली. नाक, कान, गालांवरचे डाग, सगळं जिथल्या तिथे. आणि हनुवटीपाशी, हसताना डावीकडे जरा ओढलेल्या ओठात, योशिहिको होता. पस्तीस वर्षं तिने या दोघांना एका घरात पाहिलं आणि हे साम्य तिला कधी दिसलं नव्हतं. ती रडली. किनुयोने चष्मा लावून फोटो जवळ धरला, लांब धरला.

“ही मी,” ती म्हणाली. “लाव हा.”

मग सावाएने उरलेल्या सदतीस जणांना फोन केले. सगळ्यांनी आधी तेच म्हटलं, अहो पहिला किती छान होता, किती जिवंत. “खोटं बोलू नका,” ती सांगायची, “येते मी, बसा नीट.” लोकांना धक्काच बसला. आमच्या गावात असं कुणी बोलत नाही. पण बसले सगळे. गप्पा तिने सोडल्या नाहीत, आधी तासभर जवळ बसून चहा व्हायचा, मग ती उठून लांब जायची. कुठे व्हरांड्यात, कुठे गल्लीत, एकदा तर शेजाऱ्याच्या स्वयंपाकघरात उभी राहून तिने फोटो काढला.

चियो-सानांकडे मात्र तिने सगळ्यात शेवटी जायचं ठरवलं. दोन वर्षांपूर्वी चियो-सान गेल्या तेव्हा तिने उदबत्ती दुकानाच्या गल्ल्यावरच धाकट्या बहिणीच्या, नोबुको-सानांच्या हाती दिली होती. दोघी बहिणींनी लग्न केलं नाही. चाळीस वर्षं एकीने मासे वाटले, दुसरीने वड्या तळल्या. आता नोबुको-सान एकट्याच वाटतात आणि एकट्याच तळतात.

सावाए मागच्या खोलीत गेली तेव्हा कुणी पळालं नाही, काही लपवलं नाही. देव्हाऱ्याशेजारी तिनेच काढलेला फोटो होता. काच चकचकीत पुसलेली. फुगलेलं नाक, मागे गेलेले कान, पुढे झेपावणारं कपाळ. सावाएला तो आता बघवेना. तिने चटईला कपाळ टेकलं.

“मला क्षमा करा, नोबुको-सान. हा फोटो चुकीच्या लेन्सने काढलेला आहे. ताई अशा दिसत नव्हत्या. दुसरा एखादा फोटो असेल तर मी मोठा करून देते.”

“दुसरा नाहीच,” नोबुको-सान म्हणाल्या. “आमचा कोण फोटो काढणार? कॅमेरा नव्हता, सहलीला गेलो नाही. हात नेहमी तेलाचे.” त्या फोटोकडे बघून हसल्या. “पहिल्यांदा मलाही वाटलं, ही कोण बाई. पण दोन वर्षं रोज सकाळी हिच्याशीच बोलते. तेल महागलं, पाय दुखतो, सगळं सांगते. आता डोळे मिटून ताई आठवली की हीच येते. आधी कशी होती ते काही केल्या आठवत नाही.”

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. तक्रार असती तर बरं झालं असतं. सावाए वाकलेली होती ती वर उठूच शकली नाही. एका माणसाचा चेहरा जगात एकाच जागी शिल्लक होता, या बाईच्या डोक्यात, आणि तो आपण पुसून टाकला, एवढंच तिला कळत होतं.

“तुम्ही सगळ्यांचे फोटो परत काढताय म्हणे,” नोबुको-सान म्हणाल्या. “माझाही काढायचाय. पण एक मागू?”

“काहीही मागा.”

“माझा त्या जुन्या लेन्सनेच काढा. शेजारी लावल्यावर आम्ही बहिणी दिसायला हव्यात.”

तेवीसची लेन्स सावाएने फडक्यात गुंडाळून खणाच्या अगदी आत टाकली होती. दुसऱ्या दिवशी दुपारी ती लावून ती परत आली. नोबुको-सानांनी हात घासून धुतले होते, ताईचा किमोनो घातला होता. सावाए समोर बसली, गुडघ्याला गुडघा लागला. तिने कॅमेरा डोळ्याला लावला.

“जरा अजून जवळ या,” नोबुको-सान म्हणाल्या. “ताईच्या वेळी तुम्ही अजून जवळ होतात.”